जुना दूरध्वनी, नवी वाट आणि पोहोचणारा निरोप

(कार्यालयीन दळणवळण या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)

शासकीय कार्यालयातील दूरध्वनीची घंटा वाजते आणि तो घेणारे कोणी नसते, ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिची दखल घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. अधिकारी दौऱ्यावर असतात, लिपिक अभिलेखकक्षात असतो, शिपाई टपाल घेऊन बाहेर पडलेला असतो. घंटा वाजते आणि थांबते. कार्यालयाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, कारण न घेतलेल्या दूरध्वनीची नोंद आवक नोंदवहीत होत नाही. ज्याने तो केला त्याच्या दृष्टीने मात्र एक चौकशी अनुत्तरित राहिलेली असते, आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून कार्यालयात हेलपाटा घालण्याची वेळ त्याच्यावर आलेली असते.

ही उणीव भरून काढणारे साधन आज उपलब्ध आहे. न घेतलेला कॉल आपोआप संदेशयंत्राकडे वळावा, बोलणाऱ्याचा निरोप त्याच्याच आवाजात मुद्रित व्हावा, आणि तो संगणकाच्या जाळ्यावरून, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल अथवा आयपी या पद्धतीने, संबंधित व्यक्तीपर्यंत जावा, अशी ही योजना होय. तिला ध्वनिसंदेश सेवा असे म्हणता येईल. कार्यालयातील जुनी दूरध्वनी यंत्रणा मोडीत न काढता तिला ही सेवा जोडता येते काय, असा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु या जोडणीत आवाज पलीकडे पोहोचविणे हा सर्वांत सोपा भाग होय. कठीण भाग निराळाच आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर उत्तम यंत्रसामग्री बसवूनही निरोप पोहोचत नाही.

सीमेवरील एक मंडल

या विषयाचा विचार मोठ्या शहरातील बहुमजली कचेरीच्या संदर्भात करण्याची प्रथा आहे. येथे तो तलमडुगुच्या संदर्भात करणे अधिक उपयुक्त ठरेल. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडलाचे ठिकाण महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. हा जिल्हा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यास जोडण्यात आले आणि उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. 1985 साली त्या राज्यात तालुक्यांच्या जागी लहान मंडले आली, आणि 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले. राज्यांच्या रेषा बदलल्या, तरी लोकांची बोली त्यांबरोबर बदलली नाही. या पट्ट्यात तेलुगूबरोबर मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली कानांवर येतात. कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे.

अशा ठिकाणी ध्वनिसंदेशाचे महत्त्व शहराहून अधिक आहे. लेखी अर्ज करावयाचा तर लिपी येणे आवश्यक असते, आणि ती कार्यालयाची लिपी असावी लागते. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यास तेलुगू बोलता येते, पण लिहिता येईलच असे नाही. गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या वृद्धेला दोन्ही लिप्या परक्या असू शकतात. बोललेला निरोप मात्र लिपीवाचून राहतो. तो ऐकणारा कर्मचारी ती बोली जाणणारा असला की पुरे. म्हणून तलमडुगुसारख्या मंडलात ध्वनिसंदेश ही चैनीची वस्तू नसून अर्जाचाच एक प्रकार आहे, असे मानून पुढील विवेचन ऐकावे.

ऑपरेटर हीच पहिली संदेशपेटी

आपल्या देशात सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे 1882 साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे सुरू झाली. पुढे मोठ्या कार्यालयांत स्वतःचे छोटे विनिमय केंद्र, म्हणजे पीबीएक्स, बसविण्याची प्रथा पडली. बाहेरून येणाऱ्या थोड्या वाहिन्या आणि आतील अनेक एक्स्टेंशन यांची सांगड ते घालते. प्रारंभी हे काम स्विचबोर्डवर बसलेला ऑपरेटर हाताने करीत असे. साहेब जागेवर नसले तर तोच निरोप घेई. कोणाचा दूरध्वनी आला, कोणासाठी आला आणि साहेब का भेटले नाहीत, या तिन्ही गोष्टी त्याला ठाऊक असत. साहेब परत आले की चिठ्ठी टेबलावर ठेवलेली असे. पुढील सर्व विवेचनात या ऑपरेटरची आठवण ठेवावी, कारण यंत्राला त्याचेच काम करावयाचे आहे.

इलेक्ट्रॉनिक केंद्रे आली आणि ऑपरेटरची जागा हळूहळू गेली. ऑगस्ट 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने 128 वाहिन्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. असे पहिले केंद्र 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, खेड्यातील उष्णतेत व धुळीत चालावे, अशीच त्याची रचना होती. त्याच तंत्रावर कार्यालयांसाठी पीबीएक्सही निघाले. निरोप घेणारे यंत्र मात्र वेगळ्या दिशेने आले. अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांनी 1979 साली ध्वनिसंदेश यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1983 साली ते त्यांना मिळाले. भारतात 1992 साली ज्या मूल्यवर्धित दूरसंचार सेवा खाजगी क्षेत्रास खुल्या झाल्या त्यांत व्हॉइस मेल होती. अशा रीतीने ऑपरेटर गेला, यंत्र आले. परंतु ऑपरेटरच्या डोक्यात असलेली माहिती यंत्राकडे आपोआप आली नाही. जोडणीची सारी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे.

आवाज पोस्टकार्डांवर कसा जातो

जुन्या पद्धतीत दोन व्यक्ती बोलत असेपर्यंत त्यांच्यामधील वाट पूर्णतः त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. ती बोलत नसल्या तरी त्या वाटेवरून दुसऱ्या कोणास जाता येत नाही. आयपी पद्धतीत वाट राखीव नसते. आवाजाचे प्रतिसेकंद 8000 वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप 8 बिटांत लिहिले जाते. म्हणजे सेकंदाला 64 हजार बिट होतात. जी.711 या नावाने 1972 साली मान्य झालेली ही आंतरराष्ट्रीय पद्धत आजही प्रचलित आहे. या अखंड प्रवाहाचे सामान्यतः 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात 160 बाइट आवाज असतो आणि त्यावर पत्ता, क्रमांक व वेळ यांचे 40 बाइट चढतात. असे 50 तुकडे दर सेकंदाला निघतात. एखादे लांबलचक पत्र 50 पोस्टकार्डांवर लिहून, प्रत्येकावर अनुक्रमांक घालून पेटीत टाकावे, तसाच हा प्रकार होय. कार्डे कोणत्याही वाटेने जावोत, पोहोचल्यावर क्रमांकाने लावून वाचली की पत्र पुरे होते.

ही कार्डे वाहून नेण्याचे नियम आरटीपी या प्रोटोकॉलने ठरविले आहेत. कॉल मांडणे, वळविणे व संपविणे यांचे नियम एसआयपी या प्रोटोकॉलमध्ये आहेत. त्याचा आजचा पाया असलेला मसुदा जून 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. आरटीपी आवाज वाहतो, तर एसआयपी निरोप्याप्रमाणे पुढे जाऊन कोण, कोणासाठी, का, हे सांगतो. या दोन कामांतील भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

हिशेब फार मोठा नाही. पत्त्यासह एका संभाषणास सुमारे 80 किलोबिट प्रतिसेकंद लागतात. चार निरोप एकाच वेळी मुद्रित होत असले तरी 320 किलोबिट पुरतात. एक मिनिटाचा निरोप साठविण्यास 480 हजार बाइट, म्हणजे हजार निरोपांस सुमारे 480 मेगाबाइट जागा लागते. जी.729 ही काटकसरीची पद्धत वापरल्यास एका मिनिटास 60 हजार बाइट पुरतात. आजच्या कोणत्याही साध्या संगणकास हा भार जड नाही.

सांध्यावरची पेटी

जुने केंद्र आणि नवे जाळे यांच्या सांध्यावर जे उपकरण बसते त्याला गेटवे म्हणतात. त्याच्या दारांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक प्रकार दूरध्वनीच्या उपकरणासारखा वागतो, म्हणजे केंद्राकडून डायल टोन, घंटा आणि वीज घेतो. दुसरा प्रकार केंद्रासारखा वागतो, म्हणजे उपकरणास या गोष्टी देतो. पहिल्यास एफएक्सओ आणि दुसऱ्यास एफएक्सएस म्हणतात. टेबलावरील जुना दूरध्वनी थेट आयपी जाळ्यावर घ्यावयाचा असेल तर एफएक्सएस हवे. जुना पीबीएक्स कायम ठेवून त्याच्या मागे संदेशयंत्र जोडावयाचे असेल तर पीबीएक्सची काही मोकळी एक्स्टेंशन एफएक्सओ दारांत आणावी लागतात. खरेदीच्या वेळी हा फरक न पाहिल्यास आलेले उपकरण कपाटात पडून राहते.

मोठ्या कार्यालयात पीबीएक्सला ई-1 अथवा पीआरआय जोडणीची सोय असेल, तर एकाच जोडणीवर 30 संभाषणे आणि त्यांसोबत स्वतंत्र संकेतवाहिनी मिळते. मंडल कार्यालयाच्या आकारास मात्र दोन ते चार मोकळी एक्स्टेंशन पुरेशी होतात. प्रत्येक एक्स्टेंशनवर, ठरावीक घंटा वाजूनही उत्तर न मिळाल्यास कॉल या गटाकडे वळावा, असा आदेश पीबीएक्समध्ये नोंदवावा. घंटांची संख्या चार-पाचाहून अधिक ठेवू नये. तोवर पलीकडचा माणूस ठेवून देतो.

येथपर्यंतचे काम कुशल वायरमन आणि संगणक जाणणारा कर्मचारी मिळून एका दिवसात करू शकतात. आवाज पलीकडे जातो, निरोप मुद्रित होतो आणि काम झाले असे वाटते. ते झालेले नसते.

नाव पुढे जावे, दिवा मागे यावा

समजा, तलमडुगु मंडलातील एखाद्या गावाहून कृषी विभागाच्या एक्स्टेंशनवर कॉल आला. कोणी घेतला नाही, म्हणून पीबीएक्सने तो संदेशयंत्राच्या एक्स्टेंशनकडे वळविला. साध्या तारेवरून संदेशयंत्राला काय कळले? केवळ एवढेच की, घंटा वाजली. कॉल कोठून आला, मुळात कोणत्या एक्स्टेंशनसाठी होता आणि का वळला, यांपैकी काहीही त्या तारेवरून आले नाही. मग यंत्र सर्वांना एकच सामान्य सूचना ऐकविते आणि सर्व निरोप एकाच सामायिक पेटीत टाकते. जी पेटी सर्वांची, ती कोणाचीच नाही. कृषीचा निरोप महसुलाच्या निरोपाखाली दबतो, आणि दहा दिवसांनी कोणी तरी पेटी रिकामी करतो.

ही माहिती पुढे नेण्याचे मार्ग अनेक आहेत. काही जुने पीबीएक्स संदेशयंत्राने कॉल घेताच मूळ एक्स्टेंशनचा क्रमांक बटणांच्या स्वरांत वाजवून दाखवितात. काही मोठी केंद्रे आवाजाच्या तारेशेजारून एक स्वतंत्र माहिती-तार देतात. एसएमडीआय ही त्यासाठीची जुनी पद्धत. पीआरआय जोडणीत ती संकेतवाहिनीवरून येते. आयपीच्या बाजूस, वळलेल्या कॉलच्या एसआयपी निरोपात मूळ क्रमांक व वळण्याचे कारण लिहिण्याची सोय आहे. गेटवेने अलीकडच्या भाषेतील ही माहिती घेऊन पलीकडच्या भाषेत लिहावी लागते. निविदा मागविताना विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा: आमचा पीबीएक्स मूळ एक्स्टेंशनचा क्रमांक कोणत्या रीतीने देतो, आणि तुमचा गेटवे ती रीत समजतो काय? जुन्या पीबीएक्सला यांतील काहीच येत नसेल, तर महत्त्वाच्या प्रत्येक शाखेस एक स्वतंत्र मोकळे एक्स्टेंशन राखावे, म्हणजे कोणत्या दारातून घंटा आली यावरूनच शाखा ओळखता येईल. हा उपाय साधा आहे, पण निश्चित आहे.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. निरोप नोंदविला गेला, हे संबंधितास कळावे कसे? आयपी दूरध्वनीवर त्यासाठी खूण येते. तिचे नियम 2004 साली प्रसिद्ध झाले आहेत. पण टेबलावर जुना दूरध्वनी असेल तर ही खूण पीबीएक्सच्या समजुतीच्या भाषेत मागे यावी लागते. त्यासाठी संदेशयंत्र एखाद्या मोकळ्या एक्स्टेंशनवरून ठरावीक संकेत आणि एक्स्टेंशनचा क्रमांक स्वतःच फिरविते. मग पीबीएक्स त्या दूरध्वनीचा छोटा दिवा लावतो, अथवा रिसीव्हर उचलताच तुटक डायल टोन ऐकवितो. निरोप ऐकल्यावर दिवा विझविण्यासही असाच संकेत लागतो. दिवा कायम जळत राहिला तर कर्मचारी त्याच्याकडे पाहणे सोडून देतात, आणि न पेटला तर पेटीकडे कोणी वळत नाही. ध्वनिसंदेश ईमेलबरोबर जोडून संगणकावर पाठविणेही शक्य आहे आणि ते अवश्य करावे. परंतु ज्याच्या टेबलावर संगणक नाही त्याला दिव्याचाच आधार असतो.

सारांश, आवाज एका दिशेने जातो. त्याच्यासोबत नाव पुढे गेले पाहिजे आणि दिवा मागे आला पाहिजे. ऑपरेटर हे दोन्ही न सांगता करीत असे. यंत्राला ते सांगावे लागते.

लहान दिसणारे दोष

प्रत्यक्ष कामात आणखी तीन दोष आढळतात. पहिला, कॉल संपल्याचे न कळणे. साध्या तारेवर पलीकडच्याने रिसीव्हर ठेवल्याचा स्पष्ट संकेत नेहमी मिळत नाही. मग निरोप संपल्यावरही यंत्र मुद्रण करीत राहते आणि पेटी एंगेज टोनने भरते. यासाठी केंद्राकडून तारेची विद्युत् दिशा क्षणभर उलटविणारा संकेत घ्यावा, अथवा आपल्या पीबीएक्सचा एंगेज टोन ओळखण्यास गेटवेला शिकवावे.

दुसरा दोष बटणांच्या स्वरांचा. मराठीसाठी एक दाबा, तेलुगूसाठी दोन दाबा, अशी निवड द्यावयाची तर बटणाचा स्वर शाबूत पोहोचला पाहिजे. जी.729 सारखी पद्धत मानवी बोलण्यासाठी घडविलेली असल्याने तिच्यातून हे स्वर विकृत होऊ शकतात. म्हणून ते आवाजातून न पाठविता स्वतंत्र खुणेच्या रूपाने पाठविण्याचा नियम आहे, आणि तो गेटवे व संदेशयंत्र या दोन्ही ठिकाणी सारखाच नेमावा लागतो.

तिसरा दोष प्रतिध्वनीचा. दोन तारांची जुनी वाहिनी चार तारांच्या मार्गास मिळते तेथे आवाजाचा काही अंश परत फिरतो. गेटवेमधील प्रतिध्वनी-निवारक तो शोषून घेतो. तो चालू आहे याची खात्री करावी.

याच ठिकाणी दूरच्या कार्यालयास अनुकूल अशी एक गोष्टही सांगितली पाहिजे. दोघांचे संभाषण चालू असताना एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सुचविते. ध्वनिसंदेशास हे बंधन नाही, कारण निरोप देणारा उत्तराची वाट पाहत थांबलेला नसतो. म्हणून मुद्रण कार्यालयातच व्हावे आणि मुद्रित निरोप जाळे उपलब्ध होईल तेव्हा पुढे जावा, अशी रचना करता येते. 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे काम होत आले आहे. परंतु तंतू पोहोचला तरी तो कधी तुटणारच नाही, असे धरून चालता येत नाही. संभाषण तुटले तर वाया जाते. निरोप मात्र थांबू शकतो आणि तासाभराने सुखरूप पोहोचू शकतो.

दोन अनुभव

सामान्य दूरध्वनी आणि आयपी संदेशव्यवस्था यांचा सांधा आपल्याकडे शेतीच्या क्षेत्रात आधीच जुळलेला आहे. 21 जानेवारी 2004 रोजी केंद्र शासनाने किसान कॉल सेंटर ही योजना सुरू केली. शेतकऱ्याने कोणत्याही दूरध्वनीवरून निःशुल्क क्रमांक फिरवावा आणि आपल्या भाषेत सल्ला घ्यावा, अशी ही सोय. तीत 22 भाषांचा समावेश झाला. नंतरच्या पुनर्रचनेत या केंद्रांत आयपी पीबीएक्स बसविण्यात आले. सर्व वाहिन्या गुंतलेल्या असताना अथवा केंद्र बंद असताना शेतकऱ्याचा प्रश्न ध्वनिसंदेशाच्या रूपाने नोंदवून घ्यावा आणि मागाहून त्याला उलट दूरध्वनी करावा, अशी तरतूदही तीत करण्यात आली. या तरतुदीचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. उलट दूरध्वनी करावयाचा तर शेतकऱ्याचा क्रमांक निरोपासोबत आलेला असलाच पाहिजे. नाव पुढे गेले पाहिजे, ते याचसाठी.

सीमाभागास या योजनेतून एक सूचनाही घेता येते. कॉल कोणत्या दूरसंचार मंडळातून आला एवढ्यावरून भाषा ठरविणारे यंत्र तलमडुगुच्या मराठी शेतकऱ्यास तेलुगूत, आणि किनवटच्या तेलुगू शेतकऱ्यास मराठीत उत्तर देईल. भाषा निवडण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे असावा, क्रमांकाकडे नसावा.

दुसरा अनुभव छत्तीसगडमधील सीजीनेट स्वर या उपक्रमाचा. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 साली तो सुरू केला. गोंडी बोलणाऱ्या वनप्रदेशातील माणसाने साध्या दूरध्वनीवरून क्रमांक फिरवावा, एक बटण दाबून आपली तक्रार वा वार्ता मुद्रित करावी आणि दुसरे बटण दाबून इतरांचे बोलणे ऐकावे, अशी ही योजना होय. दूरध्वनीवरून आलेला आवाज दूरच्या संगणकावर साठविला जाई, संपादक तो ऐकून पडताळीत आणि मग तो इतरांस ऐकावयास मिळे. तक्रारीसोबत संबंधित अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सांगण्याचीही तेथे पद्धत पडली, म्हणजे ऐकणारे त्या अधिकाऱ्यास विचारणा करीत. तंत्र साधेच होते. त्याला अर्थ आला तो निरोप ऐकणाऱ्या माणसामुळे आणि निरोप कोणापर्यंत जावा हे ठरलेले असल्यामुळे.

वीज, आयुर्मान आणि कायदा

जुन्या दूरध्वनीस वीज केंद्रातून, सुमारे 48 व्होल्टच्या बॅटरीवरून, तारेनेच मिळत असे. म्हणून गावातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही. आयपी उपकरणास हा आधार नाही. गेटवे, स्विच, राउटर आणि संदेशयंत्र यांपैकी एकाची वीज गेली तरी सारी साखळी तुटते. ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनी जाळे 2025 अखेर बंद करण्याचे ठरले होते; वृद्ध व आजारी व्यक्तींची संकटसूचक उपकरणे त्यावर अवलंबून असल्याने 2024 साली ही मुदत जानेवारी 2027 पर्यंत लांबविण्यात आली. यास्तव या साखळीतील प्रत्येक उपकरणास बॅटरीचा आधार द्यावा आणि किमान एक दूरध्वनी थेट जुन्या वाहिनीवर ठेवावा.

आज्ञावलीचे आयुष्य तारेहून कमी असते, हेही ध्यानात घ्यावे. मायक्रोसॉफ्टने 2007 च्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये दूरध्वनीचे निरोप ईमेलच्या पेटीत घेण्याची सोय दिली होती आणि अनेक कार्यालयांनी आपले पीबीएक्स तिला जोडले होते. 2019 च्या आवृत्तीतून ती सोय काढून टाकण्यात आली. पीबीएक्स चालू राहिला, पण त्याच्या मागची पेटी गेली. म्हणून खुल्या मानकांवर चालणारी यंत्रणा घ्यावी आणि मुद्रित निरोप सर्वसामान्य ध्वनिस्वरूपात बाहेर काढता येतात, याची आधी परीक्षा घ्यावी.

कायद्याचेही भान हवे. आपल्या कार्यालयात आलेला कॉल मुद्रित करून त्याच कार्यालयातील अधिकाऱ्यास पोहोचविणे ही एक गोष्ट. सार्वजनिक जाळ्यावरचा कॉल खाजगी आयपी जाळ्यातून नेऊन दुसऱ्या गावच्या सार्वजनिक जाळ्यात उतरविणे आणि परवानाधारकाचे शुल्क चुकविणे ही दुसरी गोष्ट होय, आणि ती नियमबाह्य आहे. 2023 च्या दूरसंचार अधिनियमाची काही कलमे 26 जून 2024 पासून अमलात आली. जोडणीपूर्वी सेवादात्याकडून लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर. तसेच निरोपात व्यक्तीचे नाव, आजार, जमीन वा कर्ज यांचा उल्लेख असू शकतो. 2023 साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियमही संमत झाला आहे. निरोप कोणी ऐकावा, किती दिवस ठेवावा आणि केव्हा पुसावा, हे लेखी ठरलेले असावे, आणि आपला आवाज मुद्रित होत आहे हे बोलणाऱ्यास आरंभीच सांगावे.

कार्यालयाने ठरवावयाच्या गोष्टी

यंत्र बसण्यापूर्वी काही निर्णय कार्यालयप्रमुखाने स्वतः घ्यावयाचे आहेत. ते पुरवठादारावर सोपवू नयेत.

प्रत्येक पेटीला एक नाव आणि एक उत्तरदायी कर्मचारी असावा. तो रजेवर असताना पेटी कोणाची, हेही रजा मंजूर करतानाच ठरावे. निरोप दिवसातून निदान दोनदा, कार्यालय उघडताना व बंद होण्यापूर्वी, ऐकले जावेत. प्रत्येक निरोप आवक नोंदवहीत चढवावा आणि त्याला क्रमांक द्यावा, कारण ज्याला क्रमांक नाही त्याचा पाठपुरावा होत नाही. बोलणाऱ्यास उलट दूरध्वनी करून तो क्रमांक सांगावा. स्वागताची सूचना थोडक्यात असावी, स्थानिक माणसाच्या आवाजात असावी, आणि सीमाभागात ती निदान तेलुगू, मराठी व गोंडी या तीन भाषांत असावी. नाव, गाव आणि काम, एवढेच तीत विचारावे. गोंडी वा कोलामी निरोप समजणारा कर्मचारी कार्यालयात नसेल तर तो कोठे आहे, हे आधी शोधून ठेवावे.

चाचणीही याच दृष्टीने घ्यावी. पुरवठादार एक निरोप मुद्रित करून वाजवून दाखवितो आणि देयक सादर करतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. तीन निरनिराळ्या गावांतून, तीन निरनिराळ्या शाखांसाठी, तीन भाषांत निरोप ठेववावेत. प्रत्येक निरोप योग्य पेटीत गेला काय, त्यासोबत क्रमांक आला काय, दिवा लागला काय, ऐकल्यावर विझला काय, आणि बोलणाऱ्यास उलट दूरध्वनी गेला काय, हे एका तक्त्यात नोंदवावे. मग विजेचे बटण बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तक्ता पूर्ण भरेपर्यंत काम पूर्ण झाले असे प्रमाणपत्र देऊ नये.

श्रोतेहो, कार्यालयातील जुना पीबीएक्स टाकून देण्याची घाई करण्याचे कारण नाही. योग्य गेटवेच्या साहाय्याने तो आणखी काही वर्षे उत्तम सेवा देऊ शकेल. नव्या जाळ्याचे भय बाळगण्याचेही कारण नाही, कारण त्याचे नियम प्रसिद्ध आहेत आणि त्याचा भार थोडा आहे. सांध्यावर नावे हरवू नयेत आणि दिवे वेळेवर लागावेत, एवढी दक्षता घेतली पाहिजे. कापूस वेचण्याच्या ऐन दिवसांत एक रोज वाचला, ही तलमडुगुच्या शेतकऱ्याच्या लेखी या साऱ्या तंत्रज्ञानाची खरी मोजणी राहील. आणि तो रोज वाचविणे, पेटी उघडून निरोप ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती आहे.